फॅक्सच्या रकान्यातला नऊ

२ सप्टेंबर

ही वही आजपासून सुरू करते आहे. उद्या कोणी म्हणालं की बाईंनी अडवणूक केली, तर माझ्याकडे तारीखवार लिहिलेलं असावं. म्हणून सगळं पहिल्यापासून आणि स्वच्छ लिहिणार आहे.

आज प्रोग्रॅमच्या कंपनीचं पत्र आलं. ‘३१ ऑक्टोबरनंतर आपण वापरत असलेल्या आवृत्तीस सहाय्य देणे बंद करण्यात येत आहे.’ सहाय्य म्हणे! बावीस वर्षांत मी या लोकांना चार वेळा फोन केला. दोनदा कोणी उचलला नाही. एकदा पाऊण तास गाणं ऐकवलं. चौथ्यांदा ज्याने उचलला त्याला माझा प्रोग्रॅम कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. शेवटी कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते मीच त्याला समजावून सांगितलं. आता ते बंद काय करणार आहेत, देव जाणे.

धाकट्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. धाकटे म्हणजे आमचे मालक. थोरले मालक जाऊन सहा वर्षं झाली, तरी यांना थोरलं म्हणायला कोणाची जीभ वळत नाही. चार माणसांत मला मॅडम म्हणतात, एकटे असले की काकू.

“काकू, बदलावं लागणार. एकतीसनंतर बंद पडला तर दुरुस्तीला कोणी येणार नाही. चोरांना आत शिरायला भोकं पडतात म्हणे, ती बुजवायलाही कोणी नाही.”

“चोर येऊन नेणार काय? लोकांच्या पायांची मापं?”

ते हसले नाहीत. नवीन प्रोग्रॅमचा माणूस परवा येतोय म्हणाले. म्हणजे ठरवून झालं होतं. पत्र नुसतं दाखवायला आणलं होतं.

४ सप्टेंबर

तो आला. गळ्यात टाय, हातात दोन फोन. आमच्या कारखान्यात चामड्याच्या वासाने नवखा माणूस पाच मिनिटांत नाक धरतो. याने धरलं नाही, एवढं कबूल करते.

आमचा कारखाना लहान आहे. अकरा माणसं. दुकानातला बूट ज्यांच्या पायात जात नाही, असे लोक आमच्याकडे येतात. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कोणाला साखरेचा आजार. प्रत्येकाच्या पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा वेगळा, आणि प्रत्येकाची माहिती माझ्या कॉम्प्युटरमध्ये. तीन हजार एकशे चार माणसं.

टायवाल्याने ती माहिती आपल्या लॅपटॉपवर पाहिली आणि तोंडाचा आ केला.

“मॅडम, तुमच्या इतक्या ग्राहकांकडे फॅक्स आहे?”

मी पावतीपुस्तक चाळत राहिले.

“आणि फॅक्सचा नंबर एक आकडी? याचा चार. यांचा सात. यांचा नऊ.”

आमचे कारागीर मिस्त्री मागे चामडं कापत होते. ते खाली मान घालून हसले, मी पाहिलं.

जुना प्रोग्रॅम घेतला तेव्हा तो सगळ्या धंद्यांसाठी एकच होता. खिळे विका नाहीतर बूट विका. त्यात पत्ता होता, फोन होता, फॅक्स होता, पण पाय कसा आहे हे लिहायला जागा नव्हती. फॅक्स आमच्या एकाही ग्राहकाकडे नव्हता. मग मी तो रकाना वापरायला घेतला. यात हसण्यासारखं काय आहे? रिकामी खोली होती, सामान ठेवलं.

“या आकड्यांचा अर्थ काय, मॅडम?”

“तुमचा प्रोग्रॅम एवढा हुशार आहे ना? त्याला विचारा,” मी म्हटलं.

९ सप्टेंबर

अर्थ अजून सांगितलेला नाही. टायवाला रोज येतो, रोज नमस्कार करतो, रोज विचारतो. मी रोज कामात असते.

खरं तर तीनच आकडे आहेत. चार म्हणजे पाय दुपारनंतर सुजतो, जरा सैल ठेवा. सात म्हणजे तळवा बधिर, म्हणून बुटाला आतून शिवण चालत नाही. अशा माणसाला शिवण घासली तरी कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि कळेपर्यंत बोट गेलेलं असतं. नऊ म्हणजे काही नाही, नेहमीसारखा पाय. या आकड्यांचे अर्थ मला आणि कारागिरांना तोंडपाठ आहेत, कागदावर कुठेच नाहीत, आणि मी सांगितल्याशिवाय कारागीर तोंड उघडणार नाहीत. बावीस वर्षांत एकाही माणसाला आमच्या बुटाने जखम झाली नाही. एकाही! ही माझी कमाई आहे. टायवाल्याला ती बशीत घालून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मला ‘मॅडम, आता तुमची गरज नाही’ ऐकायचं? मी काही काल जन्मले नाही.

घरी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, “अगं, सांगून टाक की. तीन आकडे तर आहेत.”

“तीन आहेत म्हणूनच सांगत नाही. तीस असते तर त्यांना माझी गरज राहिली असती.”

ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केला. तीस वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण त्यांना आलं आहे.

१३ सप्टेंबर

आज मिस्त्रींवर चिडले. चिडायला नको होतं, पण चिडले.

मिस्त्री आमच्याकडचे सगळ्यांत जुने कारागीर, माझ्याही आधीपासूनचे. सहासष्ट पूर्ण. गुडघे गेलेत, एकतीस ऑक्टोबरला तेही थांबणार आहेत. त्यांची एक जुनी खोड आहे. ग्राहक दहाव्यांदा आलेला असो, फर्मा फळीवर तयार असो, मी चिठ्ठीवर आकडा छापून दिलेला असो, तरी हे त्याला खुर्चीत बसवणार, मोजे काढायला लावणार आणि पाय मांडीवर घेणार. मग म्हणणार, “डोळे मिटा.” खिशातून शिवणाचा जाड नायलॉनचा दोरा काढून त्याचं टोक तळव्याला इथेतिथे टेकवणार. “आता कळतं का? आता?” एकेका माणसाला दहा मिनिटं. बाहेर बाकावर पाच जण ताटकळत बसलेले.

मी म्हटलं, “मिस्त्री, चिठ्ठीवर नऊ लिहिलाय. नऊ म्हणजे पाय चांगला. मग हा दोऱ्याचा खेळ कशाला?”

“सवय, ताई.”

“तुमच्या सवयीपायी लोक वैतागतात.”

“वैतागू देत. बसून वैतागतात, पायाला आराम मिळतो.”

आता असल्या माणसाशी काय बोलायचं! हात सोन्याचा, पण वेळेची किंमत शून्य. नव्या प्रोग्रॅमने एक गोष्ट चांगली होईल. चिठ्ठी थेट कापणाऱ्याकडे जाईल आणि हा दोऱ्याचा कार्यक्रम संपेल.

२० सप्टेंबर

सांगितले आकडे. घाबरून सांगितले नाहीत. टायवाला धाकट्यांना म्हणाला, “अर्थ माहीत नसेल तर तो रकाना आम्ही सोडून देतो, कचरा माहिती दिसते.” कचरा! बावीस वर्षांचं काम! मी तिथल्या तिथे खुर्ची ओढली आणि म्हटलं, लिहून घ्या. चार, सात, नऊ. अर्ध्या मिनिटात संपलं. टायवाल्याने सगळं लिहून घेतलं आणि पेन थांबवून विचारलं, “हे अर्थ पहिल्यापासून हेच आहेत ना, मॅडम? मध्ये कधी बदलले नाहीत?”

“माझ्या जिभेवर विश्वास नसेल तर वहीवर सही घ्या,” म्हटलं.

त्याने खरंच सही घेतली. मी झोकात केली.

३ ऑक्टोबर

मिस्त्री गेल्या आठवड्यापासून तीन आठवडे रजेवर. गुडघ्यात पाणी झालंय. धाकटे म्हणाले, बरं झालं, ते नसताना नव्या प्रोग्रॅमची चाचणी घेऊ. जुन्या दहा ग्राहकांच्या जोड्या फक्त नव्या चिठ्ठीवरून करायच्या. कोणाला बोलवायचं नाही, खुर्ची नाही, दोरा नाही.

दहांत गणिताचे सर आहेत. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, चौदा वर्षांपासूनचे आमचे ग्राहक. आले की मला पाढे विचारतात आणि चुकले की टेबलावर पेन्सिल आपटतात. त्यांचा आकडा नऊ. जोडी तीन दिवसांत तयार झाली. एरवी मिस्त्री आठ दिवस लावतात.

दिसायला फक्कड झालीय. धाकटे खूश, टायवाला खूश. मीही जोडी उलटसुलट करून पाहिली. वाईट बोलायला जागाच नव्हती.

११ ऑक्टोबर

सर आले. एका पायात चप्पल, अंगठ्याला पांढरी पट्टी. हातात बुटांची पिशवी.

“बाई, तुमच्या बुटाने माझा अंगठा वजा केला असता,” म्हणाले. त्याही स्थितीत गणित. बुटाच्या आतली शिवण चार दिवस घासत होती, सरांना पत्ता नाही. सुनेने मोज्यावर रक्त पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कापावं लागलं असतं.

आणि मी काय म्हणाले? “सर, तुमचा पाय तर चांगला आहे. तुमचा आकडा नऊ आहे.”

“पायाला आकडे कळत नाहीत, बाई. साखर मला पंधरा वर्षं आहे.”

ते गेल्यावर मी टायवाल्याला असा धारेवर धरला की दोन्ही फोन त्याच्या हातातून निसटायचे राहिले. माहिती इकडून तिकडे नेताना तुझ्या प्रोग्रॅमने आकडे फिरवले म्हटलं. साताचा नऊ केलास म्हटलं. त्याने शांतपणे जुना कॉम्प्युटर उघडून दाखवला. तिथेही नऊच होता.

“मग तो आधीच तू फिरवला असशील!” मी म्हटलं. आता लिहिताना वाचलं तर मलाच कळतंय की याला काही अर्थ नाही. पण तेव्हा म्हटलं.

१४ ऑक्टोबर

सिद्ध करायचंच म्हणून माळ्यावर चढले. प्रोग्रॅमच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं थोरले प्रत्येक बुटाची हाती चिठ्ठी लिहून घ्यायचे. त्या चिठ्ठ्यांची पोती वर आहेत. सरांच्या पहिल्या जोडीची चिठ्ठी काढायची, त्यावर मी ‘सात’ लिहिलेला असणार, आणि तो टायवाल्याच्या नाकासमोर धरायचा, असा बेत.

धुळीने शिंकून शिंकून बेजार झाले. दोन तासांनी चौदा वर्षांपूर्वीचं पोतं सापडलं. सरांची चिठ्ठी सापडली. अक्षर माझं. ‘दोन्ही तळवे बधिर. आतून शिवण नको. कॉम्प्युटरात ९ टाकला, ७ चं बटण चालत नाही.’

तिथेच पोत्यावर बसले.

मग सगळं आठवलं. त्या वर्षी कीबोर्डवर चहा सांडला होता. माझ्याच हातून. साताचं बटण अडकून बसलं. थोरल्यांना नवा कीबोर्ड मागायचा तर चहा कोणी सांडला ते सांगावं लागलं असतं, म्हणून मी मागितला नाही. बधिर पायाला नऊ टाकायला लागले आणि चांगला पाय आला की रकाना कोरा सोडायचा, असं मनाशी ठरवलं. पाच-सहा महिन्यांनी कोणीतरी आपणहून नवा कीबोर्ड बसवला. सात परत आला आणि मी जुन्या सवयीवर गेले. त्या पाच-सहा महिन्यांतले नऊ मात्र नऊच राहिले. दुरुस्त करते, करते म्हणता विसरले.

प्रोग्रॅमला तारीख ठेवायची अक्कल नाही. आज रकान्यात सहाशे त्रेचाळीस नऊ आहेत. त्यांतले काही चांगले पाय आहेत आणि काही सरांसारखे. कुठला कुठला, हे कॉम्प्युटरला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. चिठ्ठ्यांवरून काढावं म्हटलं तर अर्ध्या पोत्यांना कसर लागली आहे.

पंचवीस तारखेला सगळी माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये कायमची जाणार. तिथे नऊपुढे आता अक्षरांत छापलेलं आहे, ‘पाय सामान्य, नेहमीचं अस्तर.’ माझ्या सहीने.

१६ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर

आजही नाही. चिठ्ठी पर्समध्ये आहे. ती फाडली तर कोणाला कळणार नाही, हा विचार मनात आला. आला म्हणून लिहिते, कारण सगळं लिहिणार म्हणून वही सुरू केली होती. दुपारी टायवाल्याने विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाही का?” त्याच्या तोंडून ते ऐकून जास्तच लाज वाटली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. चौदा वर्षं सर आमचेच बूट घालतात. मग आधी कधी जखम कशी झाली नाही?

१८ ऑक्टोबर

मिस्त्री रजेवरून आले, काठी टेकत. मी चिठ्ठी घेऊन थेट त्यांच्या पाटापाशी गेले. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि परत दिली. चेहऱ्यावर काही नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“पहिला सापडला तेव्हा वाटलं, ताईंचा हात चुकला असेल. मग दुसरा सापडला. तिसऱ्यानंतर ठरवलं, आकडा बघायचाच नाही, पाय बघायचा.”

“किती वर्षं?”

“तेरा असतील.”

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? तेरा वर्षं मला मूर्ख ठरवत राहिलात?” माझा आवाज चढला. सुई चालवणारे सगळे थांबले.

“एकदा आलो होतो सांगायला. तुम्ही म्हणालात, मिस्त्री, तुम्ही तुमची सुई बघा, माझा कॉम्प्युटर मी बघते. थोरले पण होते समोर.”

“मी असं म्हणाले?”

“म्हणालात.”

मला आठवत नाही. पण मी असं म्हणू शकते, हे मला चांगलं माहीत आहे.

“परत सांगितलं असतं तर चार दिवस तुम्ही बोलला नसता, ताई. पायाला दोरा लावायला दहा मिनिटं लागतात. म्हटलं, दहा मिनिटं परवडली.”

बावीस वर्षांत एकही जखम नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ह्यांना, लेकीला, नणंदेला. ती कमाई माझी नव्हती. तो माणूस रोज गुडघे मोडून माझी चूक निस्तरत होता आणि मी त्याला वेळेची किंमत शिकवत होते. मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुवावं लागलं.

१९ ऑक्टोबर

रडून झालं. आता पुढे.

सकाळी धाकट्यांच्या खोलीत गेले. टायवालाही होता. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, चहासकट. टायवाल्याची दोन वाक्यांत माफीही मागितली. त्यापेक्षा माळ्यावर परत चढणं सोपं गेलं असतं.

मग म्हटलं, “फॅक्सचा रकाना नव्या प्रोग्रॅममध्ये जाणार नाही. एकही आकडा जाणार नाही. आणि सहाशे त्रेचाळीस माणसांना मी फोन करणार आहे.”

“काय सांगून?” धाकटे.

“तुमच्या पायाबद्दल आमच्याकडे चुकीचं लिहिलेलं असू शकतं, येऊन पाय दाखवा.”

“काकू!” टायवाल्यासमोर काकू म्हणाले, म्हणजे चांगलेच हादरले होते. “सरांच्या घरून तक्रारसुद्धा आलेली नाही. आणि आपण होऊन सहाशे घरांत सांगायचं की आमची चूक झाली?”

“आमची नाही. माझी. नाव माझंच सांगणार आहे.”

“आणि त्यातले शंभर दुसरीकडे गेले तर?”

“जाऊ देत. दोन्ही पाय घेऊन जातील.”

ते उठून खिडकीशी गेले. हे त्यांचं नेहमीचं. मी थांबले नाही. म्हटलं, आणखी एक. नव्या प्रोग्रॅममध्ये एक चौकट हवी. पाय आज पाहिला का, आणि कोणी पाहिला? ती भरल्याशिवाय चिठ्ठी छापायची नाही. ग्राहक पहिल्यांदा आलेला असो की पन्नासाव्यांदा.

टायवाला म्हणाला, “मॅडम, मग प्रत्येक ऑर्डर तिथे अडेल.”

“अडण्यासाठीच सांगतेय. आणि हे दोन्ही होणार नसेल तर मला तुमचा नवा प्रोग्रॅम नको. मी एकतीसनंतरही जुनाच चालवीन. कंपनीचं सहाय्य नाही तर नाही. मला कधी होतं?”

धाकटे वळले. “काकू, तुम्ही मला धमकी देताय?”

“हो,” मी म्हटलं.

धाकटे येऊन खुर्चीत बसले. मग ते टायवाल्याला म्हणाले, “चौकट घाला.” माझ्याकडे न बघता म्हणाले, “फोन दुपारी करा. सकाळी लाइन मला लागते.”

टायवाल्याने अर्ध्या तासात चौकट करून दाखवली. “हे तर सोपं होतं, मॅडम. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर?”

“पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं,” म्हटलं. हे वाक्य एका दमात म्हटलं, याचं मलाच नवल वाटलं.

२३ ऑक्टोबर

दोनशे अकरा फोन झाले. घसा बसलाय. हे रात्री कोमट पाण्याचा पेला पुढे सरकवतात.

लोक तरी काय एकेक असतात! एकजण म्हणाले, “बाई, तुम्ही माफी मागताय? तुमची तब्येत बरी आहे ना?” एका आजींना वाटलं, मी काहीतरी विकतेय; तीनदा फोन ठेवला. एका वकिलाने मला वीस मिनिटं सोलून काढलं आणि शेवटी विचारलं, “मंगळवारी अकराला येऊ का?” चौघांनी सांगितलं, आता तुमच्याकडे पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, टाकू नका, पण जिथे टाकाल तिथे तळव्याला दोरा लावून घ्या.

आकडे माझ्या हाताने पुसले. टायवाला म्हणाला, एका बटणाने सगळे जातील. मी म्हटलं, नको, एकेक. प्रत्येक नऊवर थांबले, नाव वाचलं, पुसला. दीड दिवस गेला. वेडेपणा असेल, पण तो माझा होता आणि मीच निस्तरला.

२५ ऑक्टोबर

माहिती गेली. फॅक्सचा रकाना कोरा गेला. मिस्त्रींची खुर्ची सकाळी आठपासून भरलेली असते. खाली बसवत नाही, म्हणून ते उंच स्टुलावर आणि ग्राहकाचा पाय समोरच्या पेटीवर. आतापर्यंत एकशे सदुसष्ट जण तपासले. आकडा नऊ असून पाय बधिर, असे अकरा जण निघाले. अकरापैकी आठ मिस्त्रींना आधीच माहीत होते. तीन नव्हते. तिघांची साखर या दोन-तीन वर्षांतली, त्यानंतर ते आमच्याकडे आलेच नव्हते. म्हणजे माझा आकडा तेव्हा बरोबर असता तरी आज चुकीचाच ठरला असता. पाय बदलतो. हे बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी एकाही पायाला हात लावला नव्हता.

मिस्त्री गेल्यावर दोरा कोण लावणार, यावर आज बोलणं निघालं. धाकटे म्हणाले, कोणीतरी बघू. मी म्हटलं, बघायचं कशाला? मी शिकते.

“काकू, तुम्ही? लोकांचे पाय?”

“माझे हात काय झिजणार आहेत?”

२९ ऑक्टोबर

शिकतेय. वाटलं होतं तितकं सोपं नाही. दोरा टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि लगेच उचलायचा. घासायचा नाही. घासला तर माणसाला कळतो आणि आपण फसतो. आणि सारखं ‘कळलं का, कळलं का’ विचारायचं नाही. “टेकवलात की गप्प राहा, ताई. तो आपण होऊन म्हणाला तर खरं. तुम्ही विचारलंत की तो भिडेने हो म्हणतो.” मग तुम्ही का विचारता, म्हटलं. म्हणाले, “मी दोरा न टेकवता विचारतो. तेव्हा हो म्हणाला की समजायचं, भिडस्त आहे.”

गप्प राहणं मला सगळ्यांत जड जातंय. बाकी हात बसला.

सर आले होते. अंगठा सुकतोय. माझ्यासमोर पाय ठेवून म्हणाले, “चला, तुमची तोंडी परीक्षा.” चार जागा नाहीच कळल्या त्यांना. पाचवीला म्हणाले, “आहे.” मग पाढे विचारले.

३१ ऑक्टोबर

एकतीस तारीख आली. जुना प्रोग्रॅम सकाळी नेहमीसारखा उघडला. त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी त्याची शेवटची प्रत काढून कपाटात ठेवली आणि कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. कामं होती.

मिस्त्रींचाही शेवटचा दिवस. दुपारी धाकट्यांनी चार शब्द बोलायचा घाट घातला होता, चहा मागवला होता. त्याआधी खुर्ची जरा रिकामी होती, म्हणून मी म्हटलं, “मिस्त्री, बसा. आज तुम्ही ग्राहक. जाण्याआधी माझा हात तपासून घ्या.”

“माझा पाय कशाला, ताई? त्या चामडं रंगवणाऱ्याला बसवा.”

“त्याला गुदगुल्या होतात. बसा म्हटलं ना.”

बसले. बूट काढले. त्यांचे बूट मी आज पहिल्यांदा नीट पाहिले. उरलेल्या तुकड्यांचे, दोन रंगांचे, फळीवरच्या कुठल्यातरी फर्म्यावर केलेले. मोजे काढले आणि आपण होऊन डोळे मिटले. बाकीचे कारागीर बघत होते, कोणी तरी म्हणालं, ताई, नापास होऊ नका.

मी टाचेला दोरा टेकवला. वाकेपर्यंत दाबला, उचलला. गप्प राहिले. मग चवड्याला. मग अंगठ्याला. मग करंगळीखाली. शिकवलं होतं तसंच, न घासता, न विचारता.

मिस्त्री डोळे मिटून हसत होते. “शिकाऊ माणूस असाच घाबरतो,” म्हणाले. “ताई, करा की सुरू.”

माझा हात तिथेच राहिला. दुसरा पाय घेतला. टाच, चवडा, अंगठा. दोरा पार दुमडला. मागचे सगळे हसायचे थांबले होते, आणि त्या शांततेने त्यांनी डोळे उघडले. माझ्या हाताकडे पाहिलं, तळव्याला टेकलेल्या दोऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हजारो पाय मांडीवर घेतले त्या माणसाने. स्वतःचा कोणाच्या मांडीवर ठेवणार?

“वय झालं, त्याचं असेल,” म्हणाले आणि मोज्याकडे हात नेला.

“मोजा खाली ठेवा,” मी म्हटलं. आवाज फाटला, फाटू दे.

उजव्या टाचेच्या कडेला एक फोड होता, फुटून सुकलेला. कधी झाला, त्यांना माहीत नव्हतं.

मी धाकट्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, भाषण आज होणार नाही. मिस्त्री आज जात नाहीत. त्यांचे बूट होईपर्यंत जात नाहीत. “पण काकू, हिशेब केलाय, कागद तयार आहेत, तारीख...” मी म्हटलं, तारखेचं काय करायचं ते तुम्ही बघा. ते उठले, खिडकीकडे गेले नाहीत. माझ्यामागून बाहेर आले आणि मिस्त्रींसमोर उकिडवे बसले.

नव्या प्रोग्रॅममध्ये नवा ग्राहक उघडला. नाव, पत्ता. पाय आज पाहिला का? हो. कोणी? तिथे मी माझं नाव घातलं. शेऱ्यात आकडा घातला नाही. लिहिलं, ‘दोन्ही तळवे बधिर. आतून शिवण अजिबात नको. उजव्या टाचेला फोड. आपण होऊन सांगणार नाहीत, दर वेळी पाय बघावा.’

मिस्त्रींना सांगितलं, उद्या सकाळी नऊला डॉक्टरकडे जायचंय, मी रिक्षा घेऊन येते. नको म्हणाले. मी विचारलं नव्हतंच.